मोफत ऑनलाइन कोर्स : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की आमच्या वाचनालयात दरवर्षी तेच प्रश्न नव्याने येतात. विचारणाऱ्यांत कॉलेजची मुलं असतात, आंबा बागायतदार असतात, अंगणवाडीच्या ताई असतात, मुंबई सोडून गावी परतलेले चाकरमानीही असतात. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत, म्हणून हे पान. वाचनालय रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात आहे. संध्याकाळी इथे ऑनलाइन कोर्स करणाऱ्यांचा एक गट बसतो आणि आम्ही काही जण तो सांभाळतो. त्यामुळे उदाहरणं इकडची आहेत, पण पालघरपासून सावंतवाडीपर्यंत कुणालाही ती लागू पडावीत.

मोफत म्हणजे नक्की काय मोफत?

व्हिडिओ, टिपणं आणि सरावाचे प्रश्न बहुतेक ठिकाणी मोफत असतात. परीक्षा आणि प्रमाणपत्र म्हटलं की पैसे आले. भारत सरकारचं ‘स्वयम्’ पोर्टल ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालं. नववीपासून पदव्युत्तर अभ्यासापर्यंतचे कोर्स त्यावर आहेत. नाव नोंदवा, व्हिडिओ बघा, गृहपाठ द्या, एक रुपयाही लागत नाही. प्रमाणपत्र हवं असेल तर मात्र फी भरून केंद्रावर परीक्षेला बसावं लागतं. याच पोर्टलवर आयआयटींचे ‘एनपीटेल’ कोर्स असतात, त्यांच्यासाठी ही फी साधारण हजार रुपये असते. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यात सवलत मिळते. नोंदणी करताना त्या सत्राची सूचना वाचून घ्या.

परदेशी संस्थांचं थोडं वेगळं आहे. कोर्सेरा आणि एडएक्स २०१२ मध्ये निघाल्या तेव्हा जवळपास सगळंच मोफत होतं. पुढे आधी प्रमाणपत्राला पैसे लागू लागले, मग तपासून मिळणाऱ्या गृहपाठालाही. आता काही कोर्स नुसते बघायचे असले तरी मुदत असते. कोर्सेरावर आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो. आपली परिस्थिती काय आणि हा कोर्स का हवा, हे त्यात इंग्रजीत लिहायचं असतं. ते स्वतःच्या शब्दांत लिहा, दुसऱ्याचा अर्ज उतरवून काढू नका. याउलट हार्वर्डचा ‘सीएस५०’ हा संगणकशास्त्राचा कोर्स आजही त्यांच्या संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे आणि सगळी कामं पुरी केलीत तर त्यांचं साधं प्रमाणपत्रही मोफत मिळतं.

एक खर्च मात्र कुठल्याच संकेतस्थळावर लिहिलेला नसतो, तो म्हणजे वेळेचा. आठवड्याला चार-पाच तास काढायचे, तर तेवढ्या वेळात पाणी दुसऱ्या कुणाला भरावं लागणार, दुकानात दुसऱ्या कुणाला बसावं लागणार. हे घरात आधी बोलून घ्या. मुलगा अभ्यासाला बसला की घर आपोआप शांत होतं. मुलगी किंवा सून बसली की तिला चार वेळा हाक मारली जाते. हा फरक आम्ही डोळ्यांनी बघतो आणि त्याचं वाईट वाटतं.

हे सगळं सुरू कुठून झालं?

२००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाने आपल्या वर्गांतलं साहित्य, म्हणजे टिपणं, प्रश्नपत्रिका आणि पुढे व्याख्यानांचे व्हिडिओ, जगासाठी खुलं करण्याचं जाहीर केलं. आपल्याकडे २००३ मध्ये आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटेल सुरू केलं. या बाबतीत आपण फार मागे नव्हतो, एवढं लक्षात असू द्या.

जगभर गाजावाजा झाला तो २०११ मध्ये. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या सेबॅस्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स इंटरनेटवर सगळ्यांना खुला केला आणि सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावं नोंदवली. त्यातल्या साधारण २३ हजारांनी तो पुरा केला. २०१२ मध्ये यूडॅसिटी, कोर्सेरा आणि एडएक्स या ऑनलाइन कोर्स देणाऱ्या तिन्ही संस्था उभ्या राहिल्या, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते वर्षच अशा कोर्सचं वर्ष ठरवून टाकलं.

एडएक्सचा पहिला कोर्स शिकवला तो प्रा. अनंत अग्रवाल यांनी. ते मंगळूरचे, म्हणजे आपली कोकण रेल्वे दक्षिणेला जिथे जाते तिथले. आयआयटी मुंबईने पुढे एडएक्सवर प्रोग्रॅमिंगचा कोर्स आणला, त्यामागे प्रा. दीपक फाटक होते. मुलांना ही नावं मुद्दाम सांगतो. ‘तिकडचे लोक शिकवतात, आपण फक्त बघायचं’ ही समजूत त्याने थोडी तरी ढिली होते.

मग गरिबांच्या मुलांना जगातलं उत्तम शिक्षण मिळणार होतं, त्याचं काय झालं?

आश्वासन तेच होतं. आकड्यांनी वेगळं दाखवलं.

एडएक्सच्या त्या पहिल्या कोर्सला दीड लाखाहून जास्त नावं होती, उत्तीर्ण झाले ७ हजारांच्या आसपास. २०१३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कोर्सेरावरच्या विद्यार्थ्यांची पाहणी आली. शिकणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांकडे आधीच पदवी होती. भारत, चीन, ब्राझील यांसारख्या देशांत तर शिकणारे बहुतेक जण सर्वांत सधन आणि सुशिक्षित अशा थोडक्या वर्गातले होते. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्स कोर्सची सहा वर्षांची मोजदाद आली. तीत २०१७-१८ साली कोर्स पुरा करणारे शंभरात तीनच्या आसपास निघाले. वर्षं गेली, पण हे प्रमाण वाढलं नाही.

ज्याच्याकडे आधीच होतं, त्याला आणखी मिळालं. ज्याच्याकडे नव्हतं, त्याला नावनोंदणीचं बटण मिळालं. आमचं हे मत कडक आहे, पण इथे बसून तेच दिसतं.

शंभरात तीन? म्हणजे बाकीच्यांचं सगळं वाया?

नाही. या आकड्याने घाबरून जाऊ नका. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे बरेच जण नुसते डोकावतात. कुणाला एकच धडा हवा असतो, तो घेऊन ते जातात. आमच्याकडचे एक काका मातीपरीक्षणाचा अहवाल कसा वाचायचा एवढ्यासाठी एका कृषी कोर्समधले दोन व्हिडिओ बघून गेले. त्यांचं काम झालं. आकडेवारीत ते अर्धवट सोडणाऱ्यांत जमा होतात. ज्यांनी प्रमाणपत्राचे पैसे भरलेले असतात, त्यांच्यात पुरा करणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या जवळ जातं, हेही त्याच २०१९ च्या लेखात आहे.

काळजी वाटते ती वेगळ्या मुलांची. पुरा करायचा या इराद्याने बसतात आणि तिसऱ्या आठवड्यात गप्प होतात. कारण विचारलं की खाली मान घालून ‘जमलं नाही’ एवढंच म्हणतात. त्यातल्या बहुतेकांची बुद्धी कमी पडलेली नसते. एखादा शब्द अडतो, एखादा गृहपाठ चुकतो, विचारायला कुणी नसतं, आणि पुढच्या व्हिडिओत मागचं येत असल्याशिवाय काही कळत नाही. वर्गात शेजारच्याला कोपर मारून विचारता येतं. घरात पडवीत एकट्याने बसून कुणाला विचारणार?

माझं इंग्रजी कच्चं आहे. मी करू शकेन का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारताना आवाज खाली गेलेला असतो. करू शकाल. फक्त सुरुवात कुठून करायची ते नीट ठरवा.

संगणकाची कामं शिकायची असतील तर आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प आधी बघा. साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ, आवाज मराठीत, सॉफ्टवेअर सगळी मोफत वापरता येणारी. यांची रीत आम्हाला फार आवडते. पडद्याच्या एका बाजूला व्हिडिओ ठेवायचा, दुसऱ्या बाजूला ते सॉफ्टवेअर उघडायचं, आणि व्हिडिओतली ताई जे करते ते थांबवून थांबवून स्वतः करायचं. आमच्या गटातल्या एका बागायतदाराच्या सुनेने लिबरऑफिस कॅल्क या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे पाठ असे घेतले. पहिल्या रकान्यात तारीख, मग पेट्या, मग डझनाचा आकार, वाशीच्या बाजाराला गेलेला माल आणि थेट गिऱ्हाईकाला गेलेला माल वेगळा. बेरजेचं सूत्र पहिल्यांदा लागलं तेव्हा तिने वही काढून तोच हिशेब हाताने करून पाहिला, उत्तर जुळलं तेव्हाच तिचा विश्वास बसला. त्या मोसमात दलालाच्या पट्टीतली, म्हणजे विक्रीच्या हिशेबातली, एक रक्कम जुळेना, तेव्हा सासरे वही सोडून तिच्याकडे आले.

एनपीटेलची व्याख्यानं इंग्रजीत असतात, पण पुष्कळ कोर्सची लिखित भाषांतरं मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिलेली आहेत. कोर्सच्या पानावर डाउनलोडच्या भागात ती शोधा. यूट्यूबवर मराठी उपशीर्षकं आपोआप लावता येतात. ती चुकतात, तांत्रिक शब्दांत तर फारच, म्हणून मराठी आणि इंग्रजी एकाआड एक बघा. व्हिडिओचा वेग पाऊण करा. कुणी हसत नाही.

एवढं करूनही एक खंत उरतेच. मराठीत मूळ विचार करून, इथली उदाहरणं घेऊन केलेले चांगले उच्च शिक्षणाचे कोर्स फार कमी आहेत. भाषांतराने शब्द कळतात. पण अर्थशास्त्राच्या धड्यात मागणी-पुरवठा शिकवताना हापूसचा मार्चमधला आणि मेमधला दर आला असता, तर इथल्या मुलाला तो धडा एका बैठकीत कळला असता. आपल्या कॉलेजांतले प्राध्यापक हे करू शकतात. त्यांनी ते करावं, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

रेंज नाही आणि पावसात लाईट जाते. त्याचं काय करायचं?

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, पण खोऱ्यातल्या वाडीत टॉवर पोचलाच नसेल तर स्वस्त डेटाचा उपयोग काय? टाळेबंदीत कोकणातली मुलं सड्यावर, डोंगरावर रेंज शोधत बसली होती, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यातच ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. शिक्षण ऑनलाइन झालं असं देश म्हणत होता तेव्हा इथे मोबाईल चार्ज करायचे वांधे होते.

यावर उपाय लहान आहेत, पण चालतात. आठवड्याचे सगळे व्हिडिओ एकदाच रेंजच्या जागी जाऊन उतरवून घ्या. कमी दर्जाचे घ्या, फळ्यावरचं दिसलं की पुरे. टिपणांची पीडीएफ वाचनालयात छापून घ्या, ती ढगाळ दिवसातही उघडते. गृहपाठ शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, कारण नेमकी तेव्हाच लाईट जाते. घरी डिश असेल तर ‘स्वयम् प्रभा’च्या दूरदर्शन वाहिन्या बघा, त्यांना इंटरनेट लागत नाही.

कुठल्या महिन्यात कोर्स घ्यावा?

हे कुणी फारसं विचारत नाही, पण इथे यावर बरंच अवलंबून असतं, म्हणून आम्हीच लिहितो.

एनपीटेलची दोन सत्रं असतात, जानेवारी आणि जुलै. जुलैचं सत्र सुरू होतं तेव्हा लावणी उरकत आलेली असते, मधे गणपती येतात, आणि परीक्षा साधारण सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत होतात. म्हणजे भातकापणीशी गाठ. जानेवारीच्या सत्राची परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये येते आणि बागायतदाराच्या घरात तेव्हा झाडावरून आंबा उतरत असतो. ही वेळापत्रकं चेन्नई-दिल्लीच्या कॉलेजांकडे बघून केलेली आहेत, त्यात आपला हंगाम कुणी धरलेला नाही.

तरी वाट निघते. बारा आठवड्यांच्या एनपीटेल कोर्समध्ये गृहपाठांपैकी उत्तम आठच धरतात. आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये उत्तम सहा, चार आठवड्यांच्या कोर्समध्ये उत्तम तीन. म्हणजे गणपतीत एक-दोन गृहपाठ बुडाले तरी बिघडत नाही. गृहपाठाला २५ गुण, परीक्षेला ७५, आणि दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं. २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. गणपतीला मुंबईकर घरी येणार, जागरणं होणार, आरत्या होणार हे सगळं धरूनच सुरुवातीच्या आठवड्यांत नेटाने करा.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी पहिल्यांदा चार किंवा आठ आठवड्यांचाच कोर्स घ्यावा. मच्छीमार घरांत जून-जुलैच्या मासेमारी बंदीत माणसं घरी असतात, जाळी दुरुस्त होतात. त्यातले बहुतेक दिवस सत्र चालू नसतं, पण जुन्या कोर्सचे व्हिडिओ यूट्यूबवर तसेच असतात. परीक्षेशिवाय शिकायला तो काळ उत्तम.

मोबाईलवर होतो का? लॅपटॉप नाही.

ऐकायचे कोर्स होतात. प्रोग्रॅमिंग, हिशेब, नकाशे, चित्रांकन हे मोबाईलवर करायचा प्रयत्न केलात तर निम्मी ताकद पडद्याशी झगडण्यात जाते. त्यासाठी शाळेची, वाचनालयाची किंवा ग्रामपंचायतीची संगणकखोली मागा. पुष्कळ ठिकाणी संगणक आहेत आणि खोलीला कुलूप आहे. गटाने जाऊन अर्ज दिला की कुलूप निघतं, एकट्याने विचारलं की ‘उद्या या’ मिळतं.

या प्रमाणपत्राला किंमत आहे का? नोकरी लागेल?

नुसत्या प्रमाणपत्रावर नोकरी लागेल असं आम्ही कुणालाही सांगणार नाही.

कॉलेजमध्ये असाल तर किंमत आहे, आणि ती नियमात लिहिलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये स्वयम्‌वरचे २० टक्क्यांपर्यंतचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीत धरायला परवानगी दिली होती, २०२१ मध्ये ती मर्यादा एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत नेली. श्रेयांक जमा ठेवायला ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आहे. पण कुठला कोर्स चालेल हे तुमचं विद्यापीठ आणि कॉलेज ठरवतं. नाव नोंदवण्याआधी प्राचार्यांकडून किंवा विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. कोर्स पुरा करून मग ‘हा आमच्या यादीत नाही’ असं ऐकलेली मुलं आमच्याकडे रडवेली होऊन येतात. दोष त्यांचा नसतो. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

खासगी नोकरीत मालक काम बघतो. त्यामुळे कोर्समध्ये जे केलंत ते दाखवता येईल असं ठेवा. लिहिलेला प्रोग्रॅम, केलेला ताळेबंद, गावातल्या निवास-न्याहारीवाल्यासाठी बनवलेलं पान. पदवी नसेल आणि पदवीच हवी असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू हा रस्ता आहे. मोफत कोर्स पदवीची जागा घेत नाही.

हाताची कामं व्हिडिओ बघून येतात का?

अर्धी. आंब्याचं कोय कलम घ्या. रोप कोवळं, पानं अजून तांबूस, कोयीतून वर येऊन जेमतेम दहा-पंधरा दिवस झालेले. त्याच जाडीची काडी निवडायची, पाचर तासायची, खाचेत बसवायची, पट्टी घट्ट बांधायची. व्हिडिओत हे सगळं दिसतं. पाचर तासताना सुरी किती तिरकी धरायची आणि सालीला साल भिडली हे बोटाला कसं कळतं, ते मात्र दिसत नाही. त्याला शेजारी बसलेलं माणूस लागतं, आणि आपल्याकडे तसं माणूस आहे. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून इथे आहे आणि प्रत्येक तालुक्यात कलमं बांधणारे हात आहेत. शेतीविषयक कोर्स आयआयटी कानपूरच्या ‘ॲगमूक्स’वर बघा. रोग, खतं, पाणी, बाजार यांची कारणं त्यात चांगली समजतात. हात मात्र नर्सरीतच बसवा. वेल्डिंग, इंजिनदुरुस्ती, रुग्णसेवा यांचंही असंच.

चॅटबॉटकडून गृहपाठ करून घेतला तर?

गृहपाठाचे २५ गुण मिळतील. परीक्षा केंद्रावर, निरीक्षकासमोर असते, तिथे ७५ आहेत. अडलेली ओळ मराठीत समजावून घ्यायला चॅटबॉट जरूर वापरा, उत्तर मागायला नको. तो चुकीचंही ठामपणे सांगतो, म्हणून व्हिडिओशी ताडून बघा.

‘मोफत डेमो’ म्हणून फोन येतात, मग पैसे मागतात. हे तेच का?

नाही. तो क्लासचा धंदा आहे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने अशा एका ॲपसाठी हप्त्यांवर सही केली, मुलाने ॲप उघडणं बंद केलं आणि हप्ते चालूच राहिले. फोनवर ओटीपी देऊ नका. हप्त्याचा कागद म्हणजे कर्जाचा कागद, तो तसाच वाचा. आजच निर्णय घ्या असं जो म्हणेल त्याला उद्या फोन करायला सांगा.

या कंपन्या बंद पडल्या तर शिकलेलं कुठे जाईल?

रास्त प्रश्न. एडएक्स ही हार्वर्ड-एमआयटीची ना-नफा संस्था होती. २०२१ मध्ये ती टूयू नावाच्या कंपनीने ८० कोटी डॉलरला घेतली, आणि २०२४ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. यूडॅसिटी २०२४ मध्ये ॲक्सेंचरकडे गेली. संकेतस्थळ चालू राहतं, पण अटी बदलतात. म्हणून प्रमाणपत्र उतरवून ठेवा, टिपणं हाताने वहीत काढा. एमआयटीचं खुलं साहित्य विनानफा वापरासाठी उतरवून घ्यायला, वाटायला परवानगी आहे. आमच्या संगणकात त्याचा साठा आहे, पेनड्राइव्ह घेऊन या.

आता शिक्षकांची गरज संपेल का?

हा प्रयोग होऊन गेला आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन होजे राज्य विद्यापीठाने यूडॅसिटीबरोबर ऑनलाइन कोर्स चालवून पाहिले. पास होण्याचं प्रमाण इतकं खाली आलं की सहा महिन्यांत काम थांबवावं लागलं. त्यात गणितात आधी नापास झालेली, घरी संगणक नसलेली मुलंही होती. ज्यांना हात धरून शिकवण्याची सर्वाधिक गरज, त्यांनाच एकटं सोडलं गेलं.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. एडएक्सच्या त्या पहिल्या कोर्समध्ये मंगोलियातल्या उलानबातरच्या १५ वर्षांच्या एका मुलाला पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि पुढे तो एमआयटीत शिकायला गेला. ही गोष्ट जगभर ‘इंटरनेटची कमाल’ म्हणून सांगितली गेली. पण त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकलेले होते. कोर्स शाळेत आणला त्यांनी, आणि प्रयोगांची साधनं घेऊन स्टॅनफर्डहून एक जण मुलांबरोबर काम करायला तिथे गेला होता. मुलगा हुशार होताच. पण तो एकटा नव्हता, आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

स्टॅनफर्डने २०२० मध्ये प्रोग्रॅमिंगचा मोफत कोर्स काढला तेव्हा हेच ओळखलं. हजारो विद्यार्थी घेतले आणि त्यांच्यासाठी शेकडो स्वयंसेवक गटशिक्षक जमवले, दर दहा-बारा मुलांमागे एक. व्हिडिओ कितीही लोकांना पुरतो. माणूस मात्र दहा-बारा जणांनाच पुरतो, आणि त्याचीच व्यवस्था करावी लागते.

मग आमच्या वाडीत असा गट कसा सुरू करायचा?

चार जण पुरेत. सगळ्यांचा कोर्स एकच हवा. वेगवेगळे कोर्स घेतले की ती नुसती एकत्र बसलेली माणसं होतात. वार आणि वेळ ठरवा आणि ती पाळा, मग दोनच जण आले तरी चालेल. व्हिडिओ प्रत्येकाने घरी बघून यायचा. एकत्र बसलं की ज्याला जे कळलं नाही त्याने आधी बोलायचं, ज्याला कळलं त्याने नंतर. हा क्रम उलटा झाला की लाजरी मुलं दुसऱ्या आठवड्यापासून येत नाहीत.

विषय जाणणारा शिक्षक मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी अडत नाही. निवृत्त मास्तर, बँकेतून निवृत्त झालेले कुणी, अभियांत्रिकीला असलेली कुणाची मुलगी, यांच्यापैकी कुणीतरी महिन्यातून एकदा येतंच, फक्त जाऊन बोलवावं लागतं. मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना आम्ही गणपतीत पकडतो. आरतीनंतर अर्धा तास वाचनालयात या, एवढंच मागतो. त्यातले काही जण नंतर रविवारी फोनवरून मुलांच्या शंका सोडवतात. गावाला देणगी द्यायची म्हणतात त्यांना आम्ही सांगतो, सभामंडपाच्या फरशीबरोबर दोघा-तिघांची परीक्षा फीही भरा.

गटात कुणी मागे पडलं तर चौकशीला घरी जा. व्हाट्सॲपवर ‘का नाही आलास’ लिहिणं वेगळं आणि खळ्यात जाऊन विचारणं वेगळं.

पहिला कोर्स कुठला घेऊ?

जो संपेल तो. चार आठवड्यांचा, तुमच्या रोजच्या कामाशी नातं असलेला, आणि ज्याचा पहिला व्हिडिओ बघून निम्म्याहून जास्त कळलं असा. कृत्रिम बुद्धिमत्तेचं आकर्षण सगळ्यांनाच आहे. बारावीचं गणित पक्कं नसेल तर आधी ते करा, त्याचे धडे खान अकॅडमीवर मोफत आहेत.

मुलीला संध्याकाळी गटात पाठवायला घरचे तयार नाहीत.

शेवटची एसटी चुकेल, अंधार पडेल, वाटेत दिवे नाहीत, ही भीती खोटी नाही. म्हणून मुलींचा गट आम्ही दुपारी घेतो, कॉलेजची एसटी आल्यानंतर आणि पाचची गाडी सुटण्याआधी. आईला किंवा आजीला पहिल्या दिवशी बरोबर घेऊन या. काही आया येऊन बसतात, मग त्याच स्पोकन ट्युटोरियलचे पाठ घेऊ लागतात. दुपारची वेळही जमत नसेल तर आम्हाला सांगा, तुमच्या वाडीतल्या शाळेची खोली शनिवारसाठी मिळते का ते आम्ही मुख्याध्यापकांना विचारतो.